पुन्हा केलेला फोन : अमेरिकेच्या ‘लाइफलाइन’मधील पाठपुरावा-कार्याचा इतिहास

आत्महत्येच्या विचारांनी ग्रासलेल्या व्यक्तीला दिवसा-रात्री कोणत्याही वेळी, नाव सांगण्याची सक्ती न होता आणि शुल्क न भरता मन मोकळे करता यावे, या हेतूने चालणाऱ्या दूरध्वनी-सेवेला संकटकालीन हेल्पलाइन म्हटले जाते. अमेरिकेतील ठिकठिकाणच्या अशा केंद्रांना एका सामाईक क्रमांकाखाली आणणारी ‘नॅशनल सुइसाइड प्रिव्हेन्शन लाइफलाइन’ १ जानेवारी २००५ रोजी कार्यान्वित झाली आणि १६ जुलै २०२२ पासून ती ‘९८८’ या तीन अंकी क्रमांकाने ओळखली जाऊ लागली. दोनशेहून अधिक स्थानिक केंद्रांचे हे जाळे आज जगातील मोठ्या हेल्पलाइन-व्यवस्थांपैकी एक असले, तरी त्याच्या वीस वर्षांच्या कार्यातील सर्वांत मोलाची भर कोणती, असा प्रश्न केल्यास त्याचे उत्तर कॉलच्या वाढत्या आकड्यांत सापडत नाही. संकटात असलेल्या माणसाने एकदा फोन केल्यानंतर, त्याची संमती घेऊन, केंद्राने पुढील दिवसांत आपणहून त्याला पुन्हा फोन करावा, त्याची विचारपूस करावी आणि तो उपचारांपर्यंत किंवा आधारापर्यंत पोहोचेतो त्याची साथ सोडू नये, ही ‘पाठपुरावा’ या नावाने ओळखली जाणारी कार्यपद्धती या संस्थेने प्रयोगाच्या पातळीवरून धोरणाच्या पातळीवर आणली. त्या कार्यपद्धतीचा उगम, विकास आणि आजची स्थिती यांचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पूर्वपीठिका

लंडनमधील सेंट स्टीफन वॉलब्रुक या चर्चचे धर्मगुरू चॅड वराह यांनी २ नोव्हेंबर १९५३ रोजी निराशेने घेरलेल्या माणसांसाठी दूरध्वनी-सेवा सुरू केली आणि तीमधून ‘समॅरिटन्स’ ही संघटना उभी राहिली. मानसोपचाराचे औपचारिक शिक्षण नसलेल्या, परंतु समोरच्याचे बोलणे उपदेश न करता ऐकून घेणाऱ्या स्वयंसेवकांची सोबतही माणसाला सावरू शकते, हे या सेवेमुळे लक्षात आले. अमेरिकेत एडविन श्नाइडमन, नॉर्मन फारबेरो आणि रॉबर्ट लिटमन यांनी १९५८ मध्ये लॉस एंजेलिस येथे आत्महत्या-प्रतिबंधक केंद्र स्थापन केले, तर १९६२ मध्ये बर्नार्ड मेयस यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे दूरध्वनी-सेवा सुरू केली; पुढील दोन दशकांत अशी केंद्रे देशभर निघाली.

या पहिल्या पिढीतील बहुतेक सेवांनी एक पथ्य कटाक्षाने पाळले होते : संपर्क साधायचा की नाही, किती बोलायचे आणि केव्हा थांबायचे, हे फोन करणाऱ्याने ठरवायचे. त्यामागे माणसाच्या स्वातंत्र्याचा आणि गोपनीयतेचा आदर होता आणि त्या आदरामुळेच लोक निर्धास्तपणे बोलत. परंतु याच पथ्यामुळे केंद्राचे काम संभाषणाबरोबर संपत असे. फोन ठेवलेली व्यक्ती दुसऱ्या दिवशी कोणत्या अवस्थेत आहे, ती डॉक्टरांकडे गेली का, घरी तिच्याजवळ कोणी आहे का, हे कळण्याचा मार्ग केंद्रापाशी नव्हता. आणि ज्याची उमेद सर्वाधिक खचलेली आहे, त्यानेच पुन्हा हात पुढे करावा, अशी अपेक्षा या व्यवस्थेत नकळत अंतर्भूत झाली होती.

दोन आरंभीचे प्रयोग

या मर्यादेवर उत्तर शोधण्याचे दोन प्रयत्न कॅलिफोर्नियातच झाले. सॅन फ्रान्सिस्को येथील मनोविकारतज्ज्ञ जेरोम मोट्टो यांनी १९६९ ते १९७४ या काळात नैराश्यामुळे किंवा आत्महत्येच्या विचारांमुळे रुग्णालयात दाखल झालेल्या व्यक्तींचा अभ्यास केला आणि त्यांतील ज्या ८४३ जणांनी रुग्णालयातून घरी गेल्यावर पुढील उपचार नाकारले किंवा अर्धवट सोडले होते, त्यांचे यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकून विभागणी करावी तसे, दोन गट केले. एका गटातील व्यक्तींना पाच वर्षांत २४ छोटी पत्रे पाठवण्यात आली : पहिले चार महिने दरमहा, पुढील आठ महिने दर दोन महिन्यांनी आणि नंतरची चार वर्षे दर तीन महिन्यांनी. रुग्णालयात असताना ज्यांनी त्या रुग्णाशी बोलणे केले होते, त्यांच्याच सहीने हे पत्र जात असे. त्यात प्रकृतीची चौकशी, सर्व ठीक असेल अशी सदिच्छा आणि कळवावेसे वाटल्यास अवश्य कळवावे एवढाच मजकूर असे. उपचार घ्या असा आग्रह नसे, प्रश्नावली नसे, उत्तराची अटही नसे. पत्रे मिळालेल्या गटातील आत्महत्यांचे प्रमाण दुसऱ्या गटाच्या तुलनेत पाचही वर्षे कमी राहिले आणि पहिल्या दोन वर्षांतील फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर लक्षणीय ठरला. पाच वर्षांचे हे निष्कर्ष २००१ मध्ये एकत्रितपणे प्रसिद्ध झाले आणि काहीही न मागता दिलेली आपुलकी जीव वाचवू शकते, या कल्पनेला त्यांमुळे शास्त्रीय आधार मिळाला.

दुसरा प्रयोग लॉस एंजेलिसच्या केंद्रात लिटमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. ज्यांना धोका अधिक आहे, अशा फोन करणाऱ्या व्यक्तींशी स्वयंसेवकांनी दीर्घकाळ नियमित संपर्क ठेवण्याची ही योजना होती. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार एकाकीपणा कमी होण्यासारखे लाभ दिसले, तथापि आत्महत्यांच्या संख्येत घट आढळली नाही. हा निष्कर्ष पुढील काळासाठी महत्त्वाचा ठरला, कारण केवळ संपर्क राखणे पुरेसे नसून त्या संपर्कात सुरक्षिततेविषयी नेमके काय बोलले जाते, याकडेही लक्ष द्यावे लागेल, असे त्यातून सूचित होत होते.

लाइफलाइनची स्थापना आणि पहिली तपासणी

मानसिक आरोग्य आणि व्यसनमुक्ती या विषयांची जबाबदारी असलेल्या ‘सॅम्सा’ या संघराज्य-पातळीवरील शासकीय यंत्रणेने लाइफलाइनसाठी निधी दिला आणि तिचे संचालन न्यूयॉर्क शहरातील मेंटल हेल्थ असोसिएशन या सेवाभावी संस्थेकडे सोपवले. हीच संस्था पुढे ‘व्हायब्रंट इमोशनल हेल्थ’ या नावाने ओळखली जाऊ लागली. एका सामाईक निःशुल्क क्रमांकावर आलेला फोन, फोन करणाऱ्याच्या जवळच्या केंद्राकडे वळवला जाई आणि ते केंद्र व्यग्र असल्यास दुसरे केंद्र तो घेई. पहिल्या वर्षी सुमारे ४६ हजार कॉल आले. २००६ मध्ये स्पॅनिश भाषेतील सेवा सुरू झाली आणि २००७ मध्ये निवृत्त सैनिकांसाठी स्वतंत्र शाखा निघाली. या शाखेत फोन करणाऱ्या सैनिकाची, त्याच्या संमतीने, निवृत्त सैनिकांसाठीच्या नजीकच्या रुग्णालयातील आत्महत्या-प्रतिबंध समन्वयकाशी गाठ घालून दिली जाते आणि तो समन्वयक पुढे स्वतः त्याच्याशी संपर्क साधतो. पाठपुराव्याचे हे एक नियमबद्ध रूप होय.

हेल्पलाइनच्या कामाची निःपक्ष तपासणी व्हावी, या भूमिकेतून झालेले काही अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यांनी या क्षेत्राला आत्मपरीक्षण करायला लावले. ब्रायन मिशारा आणि सहकाऱ्यांनी १४ केंद्रांवरील २,६११ कॉल प्रत्यक्ष ऐकले, तेव्हा संकटाच्या १,४३१ संभाषणांपैकी ७२३ संभाषणांत आत्महत्येचा विचार मनात येतो का, हा मूलभूत प्रश्नच विचारला गेला नव्हता, असे आढळले. याच सुमारास लाइफलाइनने धोक्याचे मूल्यमापन कसे करावे याचे निकष तयार करून सर्व केंद्रांना लागू केले. आत्महत्येची इच्छा, ती अमलात आणण्याची क्षमता, निर्धार आणि जगण्याकडे ओढणारे आधार, अशी चार अंगे त्या निकषांत होती.

मॅडेलिन गुल्ड यांच्या नेतृत्वाखालील कोलंबिया विद्यापीठातील गटाने आठ केंद्रांना फोन करणाऱ्या, आत्महत्येचे विचार असलेल्या १,०८५ व्यक्तींचा अभ्यास केला. संभाषणाच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत त्यांची अस्वस्थता आणि मरणाची इच्छा कमी होत असल्याचे त्यात दिसले, ही समाधानाची बाब होती. परंतु त्यांपैकी ज्या ३८० जणांशी काही आठवड्यांच्या आत पुन्हा बोलता आले, त्यांतील सुमारे ४३ टक्के लोकांच्या मनात त्या कॉलनंतरही आत्महत्येचा विचार आला होता आणि जवळजवळ ३ टक्के लोकांनी प्रयत्न केला होता. हेल्पलाइनवरील संभाषण उपयोगी पडते आणि तरीही ते एकटे पुरत नाही, हा या अभ्यासाचा अर्थ संस्थेने गांभीर्याने घेतला.

सहा केंद्रांपासून धोरणापर्यंत

त्याची पहिली फलश्रुती म्हणजे २००८ मध्ये सॅम्साने सहा केंद्रांना केवळ पाठपुराव्यासाठी दिलेले अनुदान. तोपर्यंत अशी विचारपूस एखाद्या समुपदेशकाच्या व्यक्तिगत कळकळीवर किंवा एखाद्या केंद्राच्या ऐपतीवर अवलंबून असे. आता तिच्यासाठी वेळ, माणसे, नोंदवही आणि प्रशिक्षण यांची रीतसर तरतूद झाली. पुढे अशी अनुदाने आणखी केंद्रांना मिळाली आणि रुग्णालयांच्या तातडीच्या विभागातून घरी गेलेल्या व्यक्तींना फोन करण्यासाठी स्थानिक रुग्णालयांशी करार करण्याची प्रथा वाढत गेली. रुग्णालय सोडल्यानंतरचे पहिले काही आठवडे अत्यंत जोखमीचे असतात, आणि नेमक्या याच काळात पुढील तपासणीची तारीख चुकते, औषधे बंद होतात आणि नातलगांनाही वाटते की संकट टळले. ही पोकळी भरून काढण्यासाठी, बाराही महिने चोवीस तास जागे असणाऱ्या हेल्पलाइनइतकी सोयीची यंत्रणा दुसरी नव्हती.

पाठपुराव्याचे काम प्रत्यक्षात कसे चालते, हे पाहणे उद्बोधक ठरेल. पहिले संभाषण संपण्यापूर्वीच समुपदेशक पुन्हा फोन करण्याची परवानगी विचारतो आणि परवानगी मिळाल्यास बारीकसारीक गोष्टी ठरवून घेतो : कोणत्या क्रमांकावर फोन करायचा, कोणत्या वेळी समोरच्याला मोकळेपणाने बोलता येईल, फोन घरातील दुसऱ्या कोणी उचलला तर काय सांगायचे, निरोप ठेवला तर चालेल का. ज्या घरात मानसिक त्रासाची वाच्यता करणेच कठीण आहे किंवा जिथे जोडीदाराकडून मारहाण होते, तिथे या प्रश्नांवर माणसाची सुरक्षितता अवलंबून असते. पुढचा फोन शक्यतो एक-दोन दिवसांत केला जातो. आज मनात तसे विचार आहेत का, हे त्यात स्पष्ट शब्दांत विचारले जाते, कारण असा प्रश्न विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही भीती संशोधनाने निराधार ठरवली आहे.

त्यानंतर ‘सुरक्षा-आराखडा’ पुन्हा चाळला जातो. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राऊन या मानसशास्त्रज्ञांनी विकसित केलेला हा आराखडा म्हणजे संकटग्रस्त व्यक्तीने समुपदेशकाच्या मदतीने स्वतःच्या शब्दांत लिहिलेले एक छोटे टिपण असते. मन खचू लागल्याची चिन्हे कोणती, अशा वेळी एकट्याने काय करता येईल, लक्ष दुसरीकडे वळवण्यासाठी कोणाकडे किंवा कोठे जाता येईल, मदत मागता येईल अशी जवळची माणसे कोणती, कोणत्या तज्ज्ञांना किंवा सेवांना संपर्क करायचा आणि घर व परिसर सुरक्षित कसा करायचा, हे त्याचे सहा टप्पे. पाठपुराव्यात यांतील काय उपयोगी पडले, काय जमले नाही, ज्या भावाचे नाव लिहिले होते त्याच्याशी खरोखर बोलणे झाले का, दवाखान्यात वेळ मिळाली का, मिळाली नसल्यास केंद्राने फोन करून ती मिळवून द्यावी का, अशा गोष्टी बोलल्या जातात आणि आराखडा गरजेप्रमाणे बदलला जातो. व्यक्ती स्थिर झाली आणि तिला योग्य आधार मिळाला, की हा क्रम सांगून-सवरून थांबवला जातो. पुन्हा केव्हाही फोन करता येईल, हे मात्र आवर्जून सांगितले जाते.

पुराव्याची कसोटी

या कार्याचे मूल्यमापन गुल्ड यांच्या गटानेच पुढे केले आणि ते २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. सहा केंद्रांतील ४१ समुपदेशकांनी पाठपुरावा केलेल्या ५५० व्यक्तींच्या मुलाखतींत ७९.६ टक्के व्यक्तींनी सांगितले, की पाठपुराव्याच्या फोनमुळे त्या आत्महत्येपासून परावृत्त झाल्या, आणि ९०.६ टक्के व्यक्तींच्या मते या फोनमुळे त्या सुरक्षित राहिल्या. ज्यांना धोका अधिक होता, त्यांनाच या फोनचे मोल अधिक वाटले, ही गोष्ट विशेष लक्षणीय आहे. हे निष्कर्ष फोन करणाऱ्यांच्या स्वतःच्या कथनावर आधारलेले आहेत आणि अशा अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नसतो, हे ध्यानात ठेवले, तरी ज्यांच्यासाठी सेवा चालवली जाते त्यांची साक्ष दुय्यम मानता येत नाही.

तुलनात्मक पुरावा रुग्णालयांतील अभ्यासांतून मिळाला. निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांत तातडीच्या विभागात आलेल्या १,६४० व्यक्तींच्या, २०१८ मध्येच प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ज्यांना सुरक्षा-आराखडा आणि घरी गेल्यावर ७२ तासांच्या आत सुरू होणारे पाठपुराव्याचे फोन मिळाले, त्यांच्यात पुढील सहा महिन्यांत आत्मघाताकडे नेणारे वर्तन, नेहमीचे उपचार मिळालेल्यांच्या तुलनेत ४५ टक्क्यांनी कमी आढळले.

या पुराव्यात भारताचाही वाटा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ब्राझीलमधील कांपिनास, भारतातील चेन्नई, श्रीलंकेतील कोलंबो, इराणमधील कराज आणि चीनमधील युनचेंग या पाच ठिकाणी, आत्महत्येच्या प्रयत्नानंतर रुग्णालयात आलेल्या १,८६७ व्यक्तींचा अभ्यास केला. चेन्नईतील कामाची धुरा ‘स्नेहा’ या आत्महत्या-प्रतिबंधक संस्थेच्या संस्थापक डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी सांभाळली. निम्म्या व्यक्तींना नेहमीचे उपचार मिळाले, तर उरलेल्यांना सुमारे तासाभराचे समुपदेशन आणि त्यानंतर १८ महिन्यांत नऊ वेळा फोन किंवा भेट मिळाली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार आत्महत्येने झालेल्या मृत्यूंचे प्रमाण पहिल्या गटात २.२ टक्के, तर दुसऱ्या गटात ०.२ टक्के होते. ज्या देशांत मनोविकारतज्ज्ञ मोजके आहेत, तेथे एवढ्या साध्या आणि अल्पखर्चिक उपायाने हा फरक पडावा, हे या विषयातील अत्यंत आशादायक निष्कर्षांपैकी एक आहे.

९८८ आणि पुढील वाटचाल

ऑक्टोबर २०२० मध्ये संमत झालेल्या कायद्याने ९८८ हा क्रमांक निश्चित झाला आणि जुलै २०२२ पासून तो देशभर लागू झाला. २०२१ मध्ये कॉल, संदेश आणि चॅट मिळून सुमारे ३६ लाख संपर्क आले होते. ९८८ च्या पहिल्या दोन वर्षांत ही संख्या एक कोटीच्या पुढे गेली. इंग्रजी न येणाऱ्यांसाठी दुभाष्यांच्या साहाय्याने २४० हून अधिक भाषांत बोलण्याची सोय आहे, जिचा उपयोग अमेरिकेत मुलांकडे राहायला आलेल्या वृद्ध आई-वडिलांना विशेष होऊ शकतो.

संपर्क वाढले, तसा पाठपुराव्यावरील ताणही वाढला. येणारा प्रत्येक फोन तत्काळ उचलणे हे केंद्राचे पहिले कर्तव्य असल्याने, माणसे कमी पडली की आधी कात्री लागते ती बाहेर करायच्या फोनांना. कायद्याने राज्यांना दूरध्वनी-बिलावर छोटा अधिभार लावून निधी उभारण्याची मुभा दिली आहे, परंतु सर्व राज्यांनी तिचा लाभ घेतलेला नाही. त्यामुळे एकाच क्रमांकावर फोन करणाऱ्या दोन व्यक्तींना, त्या कोठे राहतात यावरून, वेगवेगळ्या दर्जाची सोबत मिळते. ही विषमता दूर होणे आवश्यक आहे. १ जानेवारी २०२५ पासून वृद्धांसाठीच्या ‘मेडिकेअर’ या शासकीय आरोग्यविम्यात सुरक्षा-आराखडा करणे आणि तातडीच्या विभागातून घरी गेलेल्या व्यक्तीला पाठपुराव्याचे फोन करणे, या दोन्ही कामांसाठी मोबदल्याची तरतूद झाली आहे. आजवर अनुदानावर आणि सद्भावनेवर तगलेल्या या कामाला आरोग्यसेवेचा भाग म्हणून मिळालेली ही मान्यता मोलाची आहे.

या इतिहासाचा निष्कर्ष असा, की संकटात सापडलेल्या माणसाने मदत मागण्याचे धैर्य एकदा दाखवल्यावर पुढचे पाऊल मदत देणाऱ्यांनी टाकले पाहिजे, आणि ही जबाबदारी केवळ संस्थांची नाही. भारतात १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ‘टेलि-मानस’ ही शासकीय निःशुल्क सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते. अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी ९८८ आहे. वाचकांनी हे क्रमांक स्वतःजवळ ठेवावेत, गरज पडल्यास संकोच न करता वापरावेत. आणि आपल्या घरातील, शेजारातील किंवा कामाच्या ठिकाणची एखादी व्यक्ती अशा प्रसंगातून बाहेर आली असेल, तर उद्या, पुढच्या आठवड्यात आणि त्यानंतरच्या महिन्यातही तिची विचारपूस करावी, तिने फोन करण्याची वाट पाहू नये.